रातकिडे आणि आमचं चिऱ्याचं घर : प्रकल्प नोंदी, मे ते नोव्हेंबर २०२४

५ मे २०२४

घर दापोली तालुक्यात, समुद्राची गाज ऐकू येते इतक्या अंतरावर. चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, पुढे ओटी, मध्ये माजघर, मागे पडवी आणि तिच्या टोकाला मोरी. परसात माड, पोफळी, विहीर, जळणाची खोप. गेल्या पावसाळ्यात माजघरात रात्रभर किरकिर चालायची आणि लेक उशी घेऊन ओटीवर झोपायला जायची. दिवाळीत ट्रंक उघडली तर आईंच्या (सासूबाईंच्या) रेशमी नऊवारीला पदराजवळ भोकं. मोरीत विंचूही निघाला. या तीन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे असं मला तेव्हापासून वाटतंय. म्हणून या वर्षी हे काम ठरवून, लिहून ठेवत करायचं.

कामाची हद्द: घराच्या आत आणि जोत्याभोवती दोन-तीन फूट. परसातले रातकिडे संपवायचे नाहीत. ते पालापाचोळा खातात, त्यांना बेडूक आणि भारद्वाज खातात, आणि ते तिथे असावेतच असं माझं मत आहे. मृग लागायच्या आत घराची कड बंद झाली पाहिजे.

नऊवारी आज उजेडात नीट पाहिली. कसर लागलेलं कापड वरवर खरवडल्यासारखं, विरळ होत जातं. इथे तसं नाही. भोकं मोठी, कडा कुरतडलेल्या, आणि सगळी एकाच जागी, जिथे वरणाचा जुना डाग होता तिथे. रातकिड्याला स्वच्छ कापडापेक्षा घामाचा किंवा अन्नाचा डाग लागलेलं कापड आवडतं. रेशीम, लोकर, सुती, काहीही चालतं. धुऊन ठेवलेल्या साड्यांना त्याच ट्रंकेत धक्का लागलेला नाही.

८ मे

रात्रीची पाहणी. साडेनऊला सगळे दिवे मालवले आणि लेकीला बरोबर घेतलं. आईंना विचारून उपयोग नव्हता. वयामुळे त्यांना बारीक, उंच आवाज ऐकू येत नाहीत आणि रातकिड्याचा आवाज नेमका त्याच पट्ट्यातला. "अगो, एवढी किरकिर चालली असती तर मला ऐकू आली नसती होय?" असं त्या मनापासून म्हणतात. घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी "हल्ली रातकिडे कमी झाले" म्हटलं तर ते जरूर तपासून घ्यावं.

आवाजाचा माग काढणं कठीण जातं. सूर एकच आणि उंच, भिंतींवरून परावर्तित होतो, त्यामुळे तो चारी बाजूंनी येतोय असं वाटतं. शिवाय आपण पाऊल टाकलं की तो गप्प. त्याचे कान पुढच्या पायांवर, गुडघ्याच्या खाली असतात. मागच्या टोकाला दोन शेपट्या असतात, त्यांवरच्या केसांना हवेची हालचाल कळते. जमिनीची थरथर पायांना कळते ती वेगळीच. तेव्हा चालत शोधणं सोडून द्यावं लागलं.

आम्ही हे केलं: दोघी दोन कोपऱ्यांत अनवाणी बसलो, न हलता. तो पुन्हा सुरू झाला की जिथून आवाज येतोय असं वाटेल तिकडे दोघींनी बोट दाखवायचं. दोन बोटांच्या रेघा जिथे छेदतात तिथे खडूने खूण. असं खोलीखोलीतून केलं. खुणा जमल्या त्या अशा: पडवीतल्या माठाच्या तिवईखाली, मोरीच्या उंबऱ्याशी, माजघरातल्या कोनाड्याखालच्या दरजेत आणि मागच्या दाराच्या चौकटीच्या पायाशी. पुढच्या बाजूला, ओटीवर आणि देवघरात एकही नाही. घर सगळीकडून भरलंय असं वाटत होतं, ते खरं नव्हतं. सगळं मागच्या, ओलाव्याच्या अंगाला आहे.

आणखी एक लिहून ठेवते, कारण यावर पुढची सगळी मोजदाद अवलंबून आहे. गातो तो फक्त नर. पुढच्या पंखांपैकी एकाच्या खाली दातेरी शीर असते, तिच्यावर दुसऱ्या पंखाची कड घासून तो आवाज काढतो. मादी गप्प, पिल्लं गप्प. काही नरसुद्धा गाणाऱ्या नराच्या आसपास मुकाट बसून राहतात आणि त्याच्याकडे येणारी मादी वाटेत गाठतात. तेव्हा एक आवाज म्हणजे एक किडा असं धरता येत नाही, आणि आवाज थांबला म्हणजे किडे गेले असंही नाही.

१२ मे

ओळख पटवली. माठाजवळ काचेच्या बरणीत भाकरीचा तुकडा ठेवून, बरणीच्या बाहेरून फडकं गुंडाळून ती उभी ठेवली होती. सकाळी तीन सापडले. फिकट पिवळट अंग, पाठीवर काळसर आडवे पट्टे, चपटी चण. नराचे पंख तोकडे, पोटाच्या निम्म्यापर्यंतच. मादीला पंख जवळजवळ नाहीतच, मागे मात्र लांब टोकदार नळी. हा ग्रिलोडेस सिजिलॅटस, उष्ण प्रदेशातल्या घरांमधून जगभर पसरलेला पट्टेरी रातकिडा. याला उडता येत नाही. म्हणजे हा दिव्याकडे झेप घेऊन आलेला नाही. चालत आला, किंवा इथेच जन्मला.

दुसरा अंगणात दिसतो तो काळा, जाडजूड, पंखांच्या मुळाशी दोन पिवळट ठिपके असलेला, ग्रिलस बायमॅक्युलेटस. तो शेताबांधावरचा. उडतो, दिव्याला येतो, घरात शिरला तरी सहसा वस्ती करत नाही. तिसरा जमीन उकरणारा, पुढचे पाय रुंद आणि दातेरी. तो मातीतच राहतो, मुळं खातो आणि पहिल्या पावसात दिव्याखाली येऊन पडतो.

या तिघांना एकच इलाज लागू नाही. पट्टेरी रातकिड्यासाठी ओल आणि फटी बघायच्या, काळ्यासाठी दिवा. उकरणाऱ्यासाठी घरात काहीच करायचं नाही, सुपलीत भरून परसात टाकायचा.

दुपारभर माडाबागेत जो कर्कश आवाज चालतो तो यांतल्या कोणाचाच नाही. तो झाडावरच्या सिकाडाचा. पोटाच्या बाजूचे पडदे थरथरवून तो आवाज काढतो, घराशी त्याचा काही संबंध नाही. शेजारच्या अण्णांनी त्या आवाजाला कंटाळून गेल्या वर्षी अंगणात फवारणी करून घेतली होती. आवाज अर्थातच तसाच राहिला.

१९ मे

आजचं काम या प्रकल्पातलं सगळ्यात महत्त्वाचं, असं मला वाटतं.

माठाच्या तिवईखाली पाणी पाझरून खालची जमीन ओली राहते म्हणून आमच्याकडे पूर्वापार वाळूची परात ठेवतात. पाणी वाळूत मुरतं, पडवीत चिखल होत नाही. ती परात आज उन्हात जुन्या पांढऱ्या पंचावर उलटली आणि भिंगातून पाहिली. वाळूत फिकट, लांबट, किंचित वाकलेली अंडी, तांदळाच्या कणीएवढी. एकदोन नव्हे, चिमूट उचलावी तिच्यात काही ना काही निघत होतं. मादी आपली ती लांब नळी ओल्या मातीत किंवा वाळूत खुपसून एकेक अंडं आत ठेवते. कोरड्या जागी अंडी सुकून मरतात. तिला ओल लागतेच, आणि आम्ही उन्हाळाभर रोज ती ओल पुरवत होतो.

आता हिशेब असा. तीस अंशांच्या आसपास अंड्यातून पिल्लू बाहेर यायला साधारण दोन आठवडे लागतात. पुढे कात टाकत टाकत दोनेक महिन्यांत ते जाणतं होतं. वाळू दर आठवड्याला बदलली, तर कुठल्याही अंड्याला फुटायला वेळच मिळत नाही. औषध नको, सापळा नको. दोन पराती करायच्या. एक माठाखाली, दुसरी उन्हात सुकत. दर रविवारी अदलाबदल. आईंनी हे काम स्वतःकडे घेतलं. "रविवारी माझी वाळू," असं लेकीला बजावून झालंय.

त्याच ओघात बाकीच्या ओल्या जागा तपासल्या. पडवीतल्या कुंड्यांमध्ये तेच, पण कमी. कुंड्या अंगणात हलवल्या. मोरीच्या कोपऱ्यात बंबाखाली राख आणि ओल मिळून चिकट थर बसला होता, तो खरवडून काढला. मागच्या अंगणातलं तुळशीवृंदावन जोत्यापासून लांब आहे, त्याला हात लावला नाही.

२४ मे

गवंडीदादा आले. मोठा किडा पाच-सहा मिलिमीटरच्या फटीतून जातो, नुकतं जन्मलेलं पिल्लू तर दीड-दोन मिलिमीटरमधूनही. म्हणून फटी बघताना माचिसची काडी हातात ठेवली. काडी जिथे जाते तिथे काम.

माजघरातल्या दरजा चुना-वाळूने भरून घेतल्या. दादा म्हणाले, "वहिनी, सिमेंट भरू, एकदाच काय तो निकाल लागेल." मी नको म्हटलं. चिरा पाणी पितो आणि सोडतो. सांध्यांत कडक सिमेंट भरलं की ओल बाहेर पडायला वाट उरत नाही, ती चिऱ्यातच मुरते आणि मग भिंत आतून ओली राहते. आपल्याला घर कोरडं करायचंय. चुन्याला वेळ लागतो, शिंपत राहावं लागतं, पण या भिंतीला तोच मानवतो.

मोरीच्या पन्हाळीला बाहेरच्या तोंडाशी स्टेनलेस स्टीलची बारीक जाळी. नायलॉनची डासांची जाळी पुरत नाही, रातकिडे ती कुरतडतात. साधी लोखंडी जाळी या खाऱ्या हवेत दोन पावसाळे टिकत नाही. आतल्या नहाणीच्या ट्रॅपमध्ये पाणी राहील असं पाहिलं. ट्रॅप कोरडा पडला की तो सरळ गटारातून घरात येणारा रस्ता होतो, आणि बंद घरांमध्ये नेमकं हेच होतं.

मागच्या दाराखाली बोटभर फट होती. सुतारकाकांनी ब्रशची पट्टी ठोकली. रबरापेक्षा ब्रश बरा, कारण आमची शहाबादी फरशी खालीवर आहे आणि ब्रश त्या उंचसखलपणाबरोबर वाकतो.

२८ मे

चुना सुकतोय. पाहणी केली. माजघर शांत. मोरीच्या उंबऱ्याशी एक आवाज.

२ जून

परसातलं काम, दोन गडी लावून. घराच्या मागच्या भिंतीला लागून सोडणांचा (नारळाच्या सालांचा) ढीग होता, वर झावळ्या. नारळ सोलायची जागा तीच, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या ढीगही तिथेच. सोडण आठवडाभर पाणी धरून ठेवतं, आत अंधार, वर छप्पर, शेजारी ऊबदार भिंत. रातकिड्याला याहून वेगळं काही लागत नाही. ढीग उचलायला घेतला तसे काळे आणि पट्टेरी दोन्ही चहूकडे पळाले. गोम निघाली. एक लाल विंचूही निघाला. गड्यांना आधीच बूट आणि हातमोजे घालायला लावले होते.

सोडणं आता खोपीपलीकडे, चिऱ्यांच्या ओळीवर फूटभर उंच रचली. जळणही तसंच. जोत्याच्या कडेने दोन फुटांचा पट्टा पाचोळा काढून मोकळा केला आणि त्यावर खडी अंथरली. खडीत पाणी साठत नाही, ऊन पडलं की तापते, आणि उघड्यावर यायला रातकिडा कचरतो. कौलांच्या पागोळ्या बरोबर त्या पट्ट्यावर पडतात, म्हणून खडीला बाहेरच्या बाजूने थोडा उतार दिला.

अण्णा कुंपणावरून बघत होते. म्हणाले, "नारळ सोलायला आता तिकडे जाणार कोण पावसातून?" प्रश्न बरोबर आहे. खोपीला झापांचं छप्पर पुढे वाढवून घेतलं, सोलायची पहार तिथेच रोवली.

७ जून

काल मान्सून रत्नागिरीपर्यंत पोचल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं. संध्याकाळी इथे जोरदार सर. आठच्या सुमारास अंगणातल्या पांढऱ्या ट्यूबखाली काळे रातकिडे, उकरणारे रातकिडे, वाळवीचे पंखवाले, भुंगेरे यांचा खच पडला. अपेक्षित होतं. पुढच्या दाराखाली पट्टी नव्हती, तिथून काही आत शिरले. सुपलीने गोळा करून परसात.

११ जून

दिवा बदलला. किड्यांना निळसर आणि अतिनील प्रकाश जास्त ओढतो, पिवळा-तांबूस कमी. जुनी ट्यूब ६५०० केल्विनची पांढरीशुभ्र होती. त्याजागी २७०० केल्विनचा पिवळा एलईडी, कमी वॉटचा. आणि जागा बदलली, हे जास्त महत्त्वाचं. आधी दिवा दाराच्या डोक्यावर होता, म्हणजे दिव्याला आलेला प्रत्येक किडा दाराच्या पायाशी पडायचा. आता तो अंगणाच्या कडेला, आंब्याजवळच्या खांबावर, अंगणाकडे तोंड करून. दारावर हालचालीने लागणारा छोटा दिवा, माणूस आला तरच पेटतो. अंधारात पाय कुठे पडतोय ते दिसलं पाहिजे, या भागात त्यावर तडजोड नाही.

रात्री सुपली भरायची ती आज निम्मीही भरली नाही, आणि जे किडे आले ते खांबाखाली. बेडूक तिथे आपणहून येऊन बसले आहेत.

पुढच्या दारालाही पट्टी बसली.

२३ जून

बाजारात कीटकनाशक फवारणी करणारा एक जण भेटला. घर, पडवी, परसू सगळं एकदम मारून देतो म्हणाला, वर्षभराची हमी. घरी येऊन त्याने डबाही दाखवला. त्याला नाही म्हटलं. कारणं लिहून ठेवते, कारण घरात पुन्हा कोणी विचारेल.

डब्यावर शेतीसाठीचं सायपरमेथ्रिन होतं. घरात आणि शेतात वापरायच्या औषधांची नोंदणी, तीव्रता आणि मिश्रण वेगवेगळं असतं. कीटकनाशक कायदा १९६८ प्रमाणे लेबलवर ते कशासाठी आहे हे लिहावं लागतं, आणि विषाची तीव्रता सांगणारा रंगीत त्रिकोण असतो: लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, आणि हिरवा सगळ्यात सौम्य. लेबलवर शेतातली पिकं लिहिलेली असतील तर ते माजघरात मारायचं नाही, त्यावर चर्चा नाही.

दुसरं, आमची विहीर पंधरा पावलांवर. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन या गटातली औषधं मधमाश्यांना आणि माशांना अतिशय घातक आहेत. विहिरीत डासांसाठी सोडलेले गप्पी मासे आहेत, आणि ते पाणी आम्ही पितो. जूनच्या पावसात जोत्यावर मारलेलं औषध वाहून कुठे जाणार हे सांगायला नको. आणि धुऊन गेलं की उपयोगही संपला.

तिसरं, फवारणीने समोर दिसणारे किडे मरतात, वाळूतली अंडी मरत नाहीत. दोन-तीन आठवड्यांनी पिल्लं बाहेर येतात आणि लोक म्हणतात, औषध भेसळीचं होतं.

औषध कधीच नको असं माझं म्हणणं नाही. ओल, फटी, दिवा हे सगळं करूनही घरात वस्ती उरली, तर घरासाठी नोंदलेलं औषध, कोरड्या हवेत, फक्त फटींच्या तोंडाशी, जाणत्या माणसाकडून. पण तो शेवटचा इलाज. तो पहिला केला की बाकीचं कोणी करतच नाही.

मोरीच्या उंबऱ्याखाली एक पोकळी आहे, तिथे हात पोचत नाही आणि चुनाही ठरत नाही. तिथे बोरिक पावडर, कॅरमबोर्डवर टाकतात ती, कणकेत आणि गुळात मळून छोट्या गोळ्या आत सरकवल्या आणि तोंडाला जाळी लावली. हे पोटात गेल्यावर काम करतं, हळू. लहान मूल, मांजर, कोंबडी यांचं तोंड पोचेल तिथे ठेवायचं नाही. डायटोमेशियस अर्थ नावाची पांढरी भुकटीही मिळते, ती किड्याच्या अंगावरचं मेण ओरबाडून त्याला सुकवते. पण भुकटी ओली झाली की निकामी, आणि जून ते सप्टेंबर कोकणात कोरडं काय राहतं? देशावरच्या कोरड्या घरांत ती चालेल.

१४ जुलै

आठवडाभर पाऊस उघडलेला नाही. अशा दिवसांत ओल सगळीकडे, मग ओल हटवण्याचा उपाय लंगडा पडतो. आता फटी आणि सापळे यांवर भिस्त.

सापळे दोन प्रकारचे. एक, पागोळीच्या आत, कोरड्या कडेला मातीत काठोकाठ पुरलेलं स्टीलचं भांडं, त्यात बोटभर गूळपाणी. आंबूस वास आला की रातकिडे येतात आणि आत पडतात. तोंडावर अर्ध्या इंची जाळी, नाहीतर बेडूक पडतात. दर तिसऱ्या दिवशी ओतून धुवायचं, नाहीतर त्यातच डास.

दुसरा, चिकट कागद. तो उघडा टाकला तर पाली चिकटतात, आणि पाल ही या कामातली आमच्या बाजूची आहे. म्हणून कागद चपट्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, दोन्ही टोकांना बोटापेक्षा कमी उंचीची फट ठेवून, भिंतीला समांतर. रातकिडा भिंतीच्या कडेने चालतो, तेव्हा खोकं मध्यभागी ठेवून फायदा नाही. पहिल्या दिवशी फट मोठी ठेवणाऱ्या शेजाऱ्यांकडे एक पालीचं पिल्लू अडकलं होतं. खोबरेल तेल बोटाने लावत लावत सोडवलं, ते जगलं.

या सापळ्यांनी संख्या फारशी कमी होत नाही, हे मला माहीत आहे. ते ठेवलेत ते कळण्यासाठी. कुठल्या भिंतीशी किती पडतात यावरून उघडी राहिलेली वाट सापडते. मागच्या दाराजवळच्या खोक्यात रोज थोडे पडत होते. पाहिलं तर चौकटीच्या डाव्या पायाशी लाकूड कुजून पोकळ झालेलं. सुतारकाकांनी तेवढा तुकडा कापून सागाचं ठिगळ बसवलं. त्यानंतर त्या खोक्यात तुरळक.

४ ऑगस्ट

विंचवांबद्दल. लाल विंचू चिऱ्यांच्या फटींत राहतो आणि रात्री बाहेर पडून रातकिडे, झुरळं, कोळी खातो. फुरसंही विंचू, गोमा, रातकिडे यांवर जगतं. घरात रातकिड्यांची वस्ती म्हणजे यांना मांडून ठेवलेलं ताट. आमच्या लहानपणी विंचू चावलेलं मूल दगावल्याच्या गोष्टी गावोगाव होत्या. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशात प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि ते चित्र पालटलं. औषध आहे, तरी विंचू चावूच नये ही काळजी घरातच घ्यावी लागते. रातकिड्यांच्या मागे एवढं लागण्याचं माझं खरं कारण हेच आहे, साडी नंतर.

अतिनील प्रकाशाची छोटी बॅटरी मागवली. तिच्या उजेडात विंचवाचं अंग हिरवट-निळं चमकतं, अंधारात लांबूनही दिसतं. लेक आणि मी बूट घालून रात्री जोत्याभोवती एक फेरी मारतो. परसातल्या गडग्यात दिसतात, तिथे राहोत. जोत्याच्या खडीच्या पट्ट्यात आजवर नाही. मोरीत या पावसाळ्यात नाही.

१ सप्टेंबर

गणपती शनिवारी, ७ तारखेला. माळ्यावरून मखर, पाट, समया, गालिचे काढले. पुठ्ठ्याची खोकी माळ्यावरून कायमची हद्दपार. पुठ्ठा ओल धरतो, रातकिडे आणि झुरळं त्याच्या नळ्यांत राहतात, वर खातातही. झाकणाचे पत्र्याचे डबे आणले.

आरासाच्या दिव्यांवर घरात वाद झाला. पुतण्यांना ओटीभर पांढऱ्या-निळ्या माळा हव्या होत्या. शेवटी माळा आतल्या भिंतीवर, बाहेर सगळ्या पिवळ्या. नैवेद्याची पानं, उष्टं, फुलांचं निर्माल्य रात्रीच्या आत परसातल्या खड्ड्यात जाईल, ही जबाबदारी धाकट्या जावेने घेतली. माणसं भरपूर असली की सांडलवंड होणारच. ती रात्रभर पडून राहिली नाही की पुरे.

२९ सप्टेंबर

गणपतीत मागचं दार दिवसभर उघडं राहिलं, त्याचा परिणाम दिसला. माजघरात दोन रात्री आवाज. पुन्हा लेकीबरोबर दोन कोपऱ्यांत बसलो, कोनाड्याखाली बोट दाखवलं गेलं. गालिच्याच्या गुंडाळीत होता. गालिचा उन्हात टाकला, झाडला. त्यानंतर शांत.

आईंची वाळू चालू आहे. पावसात परात सुकत नाही, म्हणून त्यांनी ती चुलीजवळ ठेवायला सुरुवात केली. दुपारची चूल विझली की निखाऱ्यांच्या ऊबेवर वाळू सुकते. हे मला सुचलं नव्हतं.

अण्णांनी सोडणांचा ढीग भिंतीपासून हलवला. दिवाही बदलणार म्हणाले. दोन्ही घरांच्या मध्ये कुंपणच काय ते आहे, तेव्हा त्यांनी केलं तर आमचंही भलं.

१७ नोव्हेंबर

रात्री गारवा. हा भाग मिनी महाबळेश्वर म्हणवतो तो याच दिवसांसाठी. परसातली किरकिर आता रेंगाळत येते. रातकिड्याच्या अंगाचं तापमान हवेबरोबर बदलतं आणि गाण्याचा वेगही. अमेरिकेत एमॉस डॉल्बेअर यांनी १८९७ मध्ये एका जातीच्या किरकिरीवरून हवेचं तापमान काढायचं सूत्रच मांडलं होतं. या दिवसांत घर शांत आहे म्हणून काम सोडायचं नाही. थंडीत ते कमी गातात, आणि ऊब शोधत आत यायला बघतात.

भात झोडून झालं. पेंढा यंदा पडवीत नाही, गोठ्याच्या माळ्यावर गेला. नऊवारी धुऊन, डाग काढून, मलमलच्या फडक्यात बांधून पत्र्याच्या ट्रंकेत. पदर रफू करायला दापोलीत दिलाय. ट्रंकेखाली दोन विटा घातल्या, म्हणजे खालून वारा फिरेल आणि झाडता येईल.

माजघरातल्या दरजा चांगल्या धरल्या आहेत, फक्त मोरीकडच्या भिंतीत हातभर जागी चुना फुगून सुटलाय. तिथे बाहेरून पागोळीचं पाणी उडतं. फेब्रुवारीत गवंडीदादा येतील तेव्हा आधी वरची कौलं चार बोटं पुढे काढून घ्यायची, मगच दरज भरायची. पन्हाळीची स्टीलची जाळी शाबूत. मागच्या दाराचा ब्रश उंबऱ्याच्या डाव्या अंगाला झिजून पुन्हा काडी जाऊ लागली आहे. नवी पट्टी भाऊजी नाताळात येताना मुंबईहून आणतील. तोवर तेवढ्या भागाला जुन्या सतरंजीची घडी दाबून ठेवली आहे.